लिहिणे हीच कृती : अर्थसीच्या सत्याक्षरांची ओळख

अर्थसी हा उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने कल्पिलेला असंख्य बेटांचा द्वीपसमूह आहे. तिथल्या घरांच्या दारावर, आपल्याकडे गणेशपट्टी असते त्या जागी, आगीपासून रक्षण करणारे एक चिन्ह काढलेले असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते ओळखता येते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढणाऱ्या आणि दिवाळीत चोपडीवर 'शुभ' व 'लाभ' लिहिणाऱ्या मराठी माणसाला हे परके वाटणार नाही. फरक आहे तो पुढे. आपला 'श्री' आशीर्वाद मागतो. अर्थसीतले चिन्ह काहीही मागत नाही, ते काम करते. जाणत्या हाताने ते काढले की आगीला त्या घराचा रस्ता बंद होतो.

अशा चिन्हांना ले ग्विन यांनी 'ट्रू रून्स' असे नाव दिले आहे. या प्रस्तावनेत मी त्यांना सत्याक्षरे म्हणणार आहे आणि ज्या भाषेसाठी ती घडली तिला आदिवाणी. जादूची लिपी कल्पिणारे लेखक पुष्कळ झाले. गूढ वळणांची अक्षरे, चांदण्यात उमटणारी शाई, उघडताच कापरे भरवणारी पोथी हे सगळे कल्पितकथांच्या वाचकाला पाठ असते. अशी अक्षरे किती शक्तिमान आहेत, हे बहुतेक लेखक सांगतात. ती लिहिणाऱ्यावर कोणते बंधन येते, हा प्रश्न ले ग्विन यांनी विचारला आणि तो तीन दशकांहून अधिक काळ सोडला नाही. म्हणूनच जादूच्या लिप्यांचा विचार अर्थसीपासून सुरू करावा, असे मला मनापासून वाटते.

आधी थोडा इतिहास. १९६४ साली ले ग्विन यांच्या दोन छोट्या कथा प्रसिद्ध झाल्या. त्यांत हा द्वीपसमूह आणि नावांची जादू यांची पहिली बीजे होती. कॅलिफोर्नियातील बर्कली इथल्या पार्नासस प्रेस या प्रकाशनसंस्थेने किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी मागितली आणि १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' प्रसिद्ध झाली. 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' १९७१ मध्ये आणि 'द फार्देस्ट शोअर' १९७२ मध्ये आली. मग मोठा खंड पडला. १९९० साली 'टेहानू' आणि २००१ साली 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह व 'द अदर विंड' ही कादंबरी आली. त्या कथासंग्रहाच्या शेवटी ले ग्विन यांनी अर्थसीच्या भूगोलाचे, लोकांचे, इतिहासाचे आणि भाषांचे टिपण जोडले आहे. लिपीविषयीची सर्वांत सविस्तर माहिती तिथे मिळते, आणि ती एखाद्या मानववंशशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष फिरून नोंदवावी तशी लिहिलेली आहे.

तो सूर घरातून आलेला होता. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियातील मूलनिवासी लोकांच्या भाषांचे आणि संस्कृतींचे मोठे अभ्यासक. १९११ साली 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा वाचलेला माणूस एकटाच ऑरोव्हिल गावाजवळ प्रकटला, तेव्हा त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आसरा देणाऱ्यांत क्रोबर होते. स्वतःचे नाव परक्याला सांगू नये अशी त्याच्या लोकांची रीत होती आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ते सांगितले नाही. याना भाषेतला 'माणूस' या अर्थाचा 'इशी' हा शब्द क्रोबर यांनी त्याला नाव म्हणून दिला आणि जग त्याला त्याच नावाने ओळखते. पुढे ले ग्विन यांच्या आई थिओडोरा क्रोबर यांनी त्याचे चरित्र लिहिले; ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरातून हे चरित्र आले, त्या घरातल्या मुलीने पुढे असे जग रचले की जिथे खरे नाव फक्त अत्यंत विश्वासाच्या माणसाला सांगतात.

आता त्या जगाच्या मुळाशी जाऊ. अर्थसीच्या आख्यायिकेनुसार सेगॉय या सृष्टिकर्त्याने आदिवाणीत शब्द उच्चारून बेटे समुद्रातून वर आणली. त्या भाषेत वस्तू आणि तिचे नाव यांत अंतर नाही. खरे नाव ज्याला ठाऊक, त्याला त्या वस्तूवर सत्ता. ड्रॅगन ती भाषा जन्मतःच बोलतात. माणसांना मात्र ती शिकावी लागते आणि शिकलेली विसरायला होते. रोजच्या व्यवहारासाठी त्यांची हार्डिक भाषा आहे. तिच्यात आदिवाणीचे तुकडे शिल्लक आहेत, पण त्यांची धार गेलेली आहे. पहिल्या कादंबरीतले उदाहरण नेमके आहे. समुद्राच्या फेसाला हार्डिकमध्ये 'सुकिएन' म्हणतात. पीस या अर्थाचा 'सुक' आणि समुद्र या अर्थाचा 'इनिएन' अशा आदिवाणीतल्या दोन शब्दांपासून तो बनला. म्हणून 'सुकिएन' म्हटल्यावर फेस ऐकतो का? नाही. त्याचे स्वतःचे खरे नाव वेगळेच आहे, 'एस्सा'. सुंदर उपमा केली म्हणून वस्तू वश होत नाही, तिला तिच्याच नावाने हाक मारावी लागते. ले ग्विन यांच्या जादूचा सगळा कडकपणा या एका उदाहरणात आहे.

लिपी जन्मली ती या विसरण्याच्या भीतीतून. आदिवाणी टिकवून ठेवता यावी म्हणून द्वीपसमूहातल्या पहिल्या थोर मांत्रिकांनी लेखन शोधले असावे, असे टिपण सांगते. सेगॉयनेच वाऱ्यावर अग्नीने सत्याक्षरे लिहिली, अशीही एक आख्यायिका आहे. पण टिपण तिच्यावर शंका घेते, कारण ड्रॅगन ही अक्षरे वापरत नाहीत. अर्थसीत सर्वांत सामर्थ्यवान असलेल्या प्राण्याला लिपीची गरजच पडलेली नाही. ज्याची भाषा रक्तात आहे तो लिहीत नाही; ज्याला ती कष्टाने मिळाली तो लिहितो. जादूच्या लिपीला इतके माणसाच्या बाजूचे मूळ दिलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

सत्याक्षराला शब्द म्हणणेही पुरेसे नाही. प्रत्येक अक्षराला अर्थाचा एक परिसर असतो आणि हार्डिकमध्ये तो थोडाफार समजावता येतो. पण मुळात ते अक्षर म्हणजे मंत्र आहे, कृती आहे. त्याची पूर्ण शक्ती जागी होण्यासाठी आदिवाणीची वाक्यरचना लागते, जाणता मांत्रिक लागतो, त्याच्या मनात काही घडवण्याचा हेतू लागतो आणि आवाज व हातवारे यांची जोड लागते. नुसती नक्कल करून भागत नाही. याहून मोठी अट अशी की आदिवाणी बोलताना जसे माणसाला खोटे बोलता येत नाही, तसे सत्याक्षरांत त्याला खोटे लिहिताही येत नाही. जो लिहितो तो लिहिलेल्याच्या सत्याची हमी देतो. ड्रॅगनांना त्या भाषेत सत्य वाकवता येते, माणसाला ती सवलत नाही.

मग अशी अक्षरे शिकवायची कशी? फळ्यावर काढावीत तर ती काम करू लागतील, मोठ्याने म्हणावीत तर काहीतरी घडेल. ले ग्विन यांनी यावर फार व्यवहारी तोडगा दिला आहे. नवशिका मांत्रिक आधी 'हार्डिकची सहाशे अक्षरे' शिकतो. नाव फसवे आहे, कारण ती सत्याक्षरेच आहेत; फक्त प्रत्येकाला रोजच्या भाषेतले एक निर्धोक नाव दिलेले आहे. शिकताना ते नाव घ्यायचे आणि खरे नाव मौनात पाठ करायचे. त्यापुढे आणखी अक्षरे आहेत, त्यांच्याही पुढे आणखी. आदिवाणीला अंत नाही म्हणून अक्षरांनाही नाही. काही सत्याक्षरांची नावे लोकांच्या तोंडी रुळली आहेत. वारा, आग आणि वेड यांपासून राखणारे 'पिर', काम नीट होवो असे सांगणारे 'सिम्न' ही नावे सामान्य माणूस सहज घेतो. मांत्रिक मात्र तीही जपून उच्चारतो. त्या अक्षरातून काय ओढवू शकते, हे ज्याला पुरते कळले आहे तोच त्याला सर्वांत जास्त जपतो.

याशिवाय अर्थसीत एक साधी लिपीही आहे आणि तिला ले ग्विन यांनी दुय्यम लेखलेले नाही. कारभार, व्यापार, पत्रे, इतिहास, गाणी या सगळ्यांसाठी हार्डिक चिन्हे वापरतात. मुले शाळेच्या थोड्या वर्षांत त्यांतली काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत शिकतात. उत्तर युरोपातल्या जुन्या 'रून' लिपीचे नाव ले ग्विन यांनी घेतले असले, तरी त्या लिपीच्या सर्वांत जुन्या रूपात २४ अक्षरे होती आणि प्रत्येक अक्षर ध्वनी दाखवत असे. हजारो चिन्हांची हार्डिक लिपी त्याऐवजी चिनी लिपीच्या कुळातली वाटते. ले ग्विन यांचा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्झू याच्याशी जन्माचा स्नेह होता. 'ताओ ते चिंग'चे त्यांनी केलेले इंग्रजी रूप १९९७ साली प्रसिद्ध झाले. या साध्या लिपीने मंत्र घालता येत नाही. वास्तवावर तिचा परिणाम इतर कोणत्याही लेखनाइतकाच होतो, असे टिपण म्हणते आणि लगेच बजावते की तो परिणाम अप्रत्यक्ष असला तरी चांगला मोठा असतो.

पूर्वेकडच्या कार्गिश लोकांना तर लेखनच पाप वाटते. त्यांचे हिशेब आणि नोंदी रंगीबेरंगी, कमी-जास्त जाडीच्या सुतांच्या विणकामात असतात. गणितात ते तरबेज आहेत आणि बाराच्या पटीत मोजतात. त्यांना अडाणी ठरवून ले ग्विन पुढे जात नाहीत. ज्या शेजाऱ्यांची अक्षरे माणसाला बांधू शकतात, त्यांच्या अक्षरांची भीती वाटणे स्वाभाविक आहे, हे त्यांना दिसते.

ही सगळी व्यवस्था कथांत जिवंत कशी होते, ते चार प्रसंगांत पाहता येईल. पहिला प्रसंग वाचण्याचा. गॉन्ट बेटावरचा किशोर गेड हा ओगिअन या मितभाषी गुरूकडे राहतो आणि हिवाळ्याच्या लांब रात्री सहाशे अक्षरे गिरवतो. एका मुलीने डिवचले म्हणून गुरू घरी नसताना तो त्यांची पोथी उघडतो. अक्षर अक्षर लावत असताना त्याच्या लक्षात येते की हा मृतांना बोलावण्याचा मंत्र आहे. भीतीने तो गारठतो, पण वाचून संपेपर्यंत नजर पानावरून हटत नाही. मान वर करतो तेव्हा घरात अंधार पडलेला असतो. तो उजेडाशिवायच वाचत होता. दाराशी एक काळी आकृती दबा धरून बसलेली असते. सत्याक्षरांत नुसते वाचणेही निरुपद्रवी नाही, हे इथे कळते. गेडचा पुढचा सारा प्रवास या वाचनाच्या सावलीत होतो.

दुसरा प्रसंग शिकण्याचा. रोक बेटावरच्या विद्यापीठात नावे शिकवणारे गुरू एका एकाकी मनोऱ्यात राहतात. ते शिष्यांना नावांच्या लांबलचक याद्या देतात. एखाद्या क्षुल्लक बेटाच्या किनाऱ्यावरचे प्रत्येक टोक, प्रत्येक खाडी, प्रत्येक खडक. मध्यरात्री शाई उडून जाते आणि चर्मपत्र कोरे होते, त्याआधी सगळे पाठ झाले पाहिजे. लिपी इथे ज्ञानाचे कोठार नाही. ती ज्ञान माणसाच्या आत पोचवते आणि बाजूला होते.

तिसरा प्रसंग हरवण्याचा. एरेथ-अकबे या वीराच्या दंडातल्या कड्यावर आतल्या बाजूने नऊ सत्याक्षरे कोरलेली होती. कडे मोडले तेव्हा चीर नेमकी एका अक्षरातून गेली. उरलेली आठ अक्षरे मांत्रिकांना ठाऊक आहेत, पण तुटलेले अक्षर कसे लिहायचे हे कोणालाच आठवत नाही. तेच बंधाचे अक्षर होते, बेटांना एकत्र ठेवणारे, शांतीचे. ते हरवल्यापासून द्वीपसमूहाची राजधानी असलेल्या हॅवनोरच्या सिंहासनावर थोर राजा झाला नाही. कड्याचा एक तुकडा गेडला समुद्रातल्या वाळूच्या बेटावर टाकून दिलेल्या एका वृद्धेकडून मिळतो, दुसरा अटुआनच्या थडग्यांखालच्या भुयारात असतो. तिथली तरुण पुजारीण टेनार आपल्या देवतांची बंदी मोडून त्याच्यावर विश्वास ठेवते, तेव्हाच दोन तुकडे जुळतात. शांतीचे अक्षर दोन शत्रुदेशांत विभागलेले होते आणि दोन बाजूंची माणसे एकमेकांवर विसंबली तेव्हा ते पुन्हा वाचता आले. अक्षराच्या रूपातून राजकारणाचे इतके खरे निदान मी क्वचित पाहिले आहे.

चौथा प्रसंग लिहिण्याचा. 'द फार्देस्ट शोअर'मध्ये एका मांत्रिकाने मृत्यू नाकारण्यासाठी जीवन आणि मरण यांच्यामधले दार उघडे ठेवले आहे. त्या भगदाडातून जगातला अर्थ वाहून चालला आहे. मांत्रिकांना शब्द आठवत नाहीत, गायकांना गाणी. ते दार बंद करण्यासाठी वृद्ध होत चाललेला गेड आपल्या काठीने एकच अक्षर काढतो: 'अग्नेन', शेवटाचे अक्षर. वाटा बंद करणारे आणि शवपेटीच्या झाकणावर काढले जाणारे. या एका अक्षरासाठी त्याची सारी शक्ती खर्ची पडते आणि ती परत येत नाही. मालिकेतली सर्वांत मोठी जादू म्हणजे एक परिचित अक्षर योग्य जागी, पूर्ण किंमत मोजून लिहिणे.

या कल्पनेला पूर्वज आहेत. नॉर्स पुराणकथेत ओडिन रून मिळवण्यासाठी नऊ रात्री झाडाला लटकून राहतो. तेराव्या शतकातल्या आइसलँडच्या एगिलच्या गाथेत एका मुलाने प्रेमासाठी देवमाशाच्या हाडावर रून कोरलेले असतात. ते चुकतात आणि मुलगी आजारी पडते. एगिल ते खरवडून जाळतो, नवे कोरतो आणि ती बरी होते. प्रागच्या ज्यू आख्यायिकेत मातीच्या गोलेमच्या कपाळावर सत्य या अर्थाचा हिब्रू शब्द असतो आणि त्यातले पहिले अक्षर पुसले की उरतो तो मरण सांगणारा शब्द. अक्षर चुकले तर इजा होते, अक्षर सत्याशी बांधलेले असते, हे धागे जुनेच आहेत. ले ग्विन यांनी त्यांतून एक संपूर्ण नीती विणली.

इंग्रज लेखक टॉल्किन यांच्याशी तुलना टाळता येत नाही. ते भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनी व्याकरण, ध्वनिबदल आणि लिप्या आधी रचल्या आणि त्या भाषांना राहायला जग दिले. १९३७ च्या 'द हॉबिट'मधली चंद्राक्षरे ठरावीक तिथीच्या चंद्रप्रकाशातच दिसतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या अंगठीवरची अक्षरे आगीत तापवल्यावर उजळतात. त्या लिप्या आपण शिकू शकतो, त्यांत आपले नाव लिहू शकतो. ले ग्विन यांनी वर्णमालेचा तक्ता दिला नाही, व्याकरण दिले नाही, आदिवाणीचे मोजकेच शब्द दिले. मला हा संयम त्या लिपीच्या स्वभावाशी सुसंगत वाटतो. जे अक्षर काढताच काहीतरी घडते, त्याचा नमुना पुस्तकाच्या मलपृष्ठावर शोभेला छापणे विसंगत ठरले असते.

या व्यवस्थेची एक उणी बाजू आहे आणि ले ग्विन यांनी स्वतःच तिच्यावर बोट ठेवले. पहिल्या तीन कादंबऱ्यांत सत्याक्षरे पुरुषांच्या ताब्यात आहेत. रोकच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही आणि गावच्या चेटकिणीला चार मंत्रांवर भागवावे लागते. 'टेहानू'मध्ये टेनार मध्यमवयीन, विधवा शेतकरीण म्हणून परत येते आणि ही विद्या कोणाची, हा प्रश्न तिच्या नजरेतून उभा राहतो. 'टेल्स फ्रॉम अर्थसी'मधली 'द फाइंडर' ही कथा तर रोकची विद्या रुजवण्यात स्त्रियांचा मोठा हात होता आणि त्यांना पुढे बाहेर काढले गेले, असे दाखवते. ज्या लिपीत खोटे लिहिता येत नाही, तिच्या रखवालदारांनी स्वतःच्या इतिहासाविषयी अर्धेच सांगितले होते. लेखिकेने आपणच उभारलेल्या वास्तूचा पाया पुन्हा उकरून तपासावा, याला मोठे धैर्य लागते. त्याबद्दल मला ले ग्विन यांच्याविषयी फार आदर वाटतो.

अर्थसीत नव्याने जाणाऱ्यांनी पुस्तके प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावीत. टिपण शेवटी वाचावे. लिपीचे नियम आधी कळले तर गेडच्या पोथीवाचनातली भीती ओसरते. वाचताना कोण काय लिहितो यापेक्षा कोण लिहायचे टाळतो, इकडे लक्ष ठेवावे. ओगिअनसारखा माणूस अंगावर पाऊस घेतो पण मंत्राने ढग हाकलत नाही, कारण इथून हाकललेला ढग दुसऱ्या कोणाच्या तरी माथ्यावर कोसळणार, हे त्याला ठाऊक असते. शक्ती वाढते तसे लेखन कमी होत जाते, ही या पुस्तकांची सर्वांत खोल शिकवण आहे.

आपल्या हाती आहे ती साधी लिपी, ढग न हाकलणारी. पण ले ग्विन यांनी तिच्याविषयी सांगितलेले आपल्यालाही तंतोतंत लागू आहे: तिचा परिणाम अप्रत्यक्ष आहे आणि मोठा आहे. खरेदीखत, निकालपत्र, बातमी, पाठ्यपुस्तकातला एक धडा यांनी माणसांची आयुष्ये वळतात. सत्याक्षरांची बाकी सारी सामर्थ्ये आपल्या आवाक्याबाहेर राहोत. त्यांची पहिली अट मात्र आपण आजपासून पाळू शकतो. जे लिहिले ते खरे आहे याची हमी लिहिणाऱ्याने द्यायची, आणि ती देता येत नसेल तर लेखणी खाली ठेवायची. त्यासाठी मांत्रिक व्हावे लागत नाही.